थँक्यू कतार

शुक्रवार, १० ऑक्टोबर

तिकडं गाझातली लढाई थांबली आणि इकडं मंगळवार पेठेत सुरू झाली!

सकाळी कट्ट्यावर पेपर मीच मोठ्यानं वाचतो. जन्मभर बसमध्ये ‘पुढं सरका’ ओरडलेला कंडक्टर मी, मला हळू वाचता येत नाही. युद्धविराम झाला, ओलीस सुटणार, सगळं वाचून दाखवलं. घडी घालता घालता सहज म्हणालो, "काय बी म्हणा, तात्यांनी करून दाखवलं." तात्या म्हणजे अमेरिकेचे. अख्खा महाराष्ट्र त्यांना तात्या म्हणतो. त्यांना हे कुणी कळवलंय की नाही, ठाऊक नाही.

मल्लाप्पा ताडकन उठला. मल्लाप्पा म्हणजे आमच्या परड्यामागच्या गोठ्याचा मालक, जातिवंत गवळी, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. पहिल्यापासून नियम एकच — मी उजवं म्हणालो की हा डावं म्हणणार.

"तुज्या तात्यानं काय केलं रं? समदं कतारवाल्यांनी केलं. दोन वर्सं दोगांच्या माणसास्नी घरात घिऊन च्या कुणी पाजला?"

"अरं खुळ्या, शेवटची बैठक इजिप्तमदी झाली. पेपरात हाय."

"कार्यालय बदललं म्हणून काय झालं? लगीन जुळवलं कुणी आणि कार्यालय कुणाचं, ह्यात फरक हाय का न्हाय?"

कतारचा एवढा पुळका कशासाठी, तर ह्याच्या दानेश्वरीचा नवरा तिकडं वायरिंगची कामं करतो. उद्या जावई जपानला गेला तर जगातली सगळी शांतता जपानमुळं! मी म्हणालो, तात्यांनी दम भरला नसता तर कतारचा चहा नुसता उकळत राहिला असता. त्यावर हा म्हणतो, "गाडी चालवणारा येगळा आणि मागं बसून नुसता वरडणारा येगळा. तुज्यागत!"

हे मात्र मला लागलं. कारण पाडवा. दर दिवाळी पाडव्याला पेठेतल्या म्हशी सजवून निघतात. मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेली गाडी फाडफाड वाजवत पुढं आणि म्हैस त्याच्या मागं धावत. गेल्या वर्षी मल्लाप्पाची मैना पहिली आली. गाडी चालवायला तो, मागच्या सीटवर मी. हाक मी मारतो. माझी ‘ये मैनाऽऽ’ शाहूपुरीपर्यंत ऐकू जाते, असं लोक म्हणतात.

"मैना माज्या हाकंवर पळती!"

"माज्या गाडीच्या आवाजावर पळती!"

"जन्मात एकदा तरी म्हण की — गणपा, तुजं बरोबर."

"ज्या दिवशी तसं म्हणीन ना गणप्या, त्या दिवशी मला खुर्चीत बसवायची तयारी कर!"

त्यांच्या समाजात मयताला खुर्चीत बसवून नेतात, म्हणून हे. अंगात डेंग्यू, हाताला सलाईन, तरी डास कुणाच्या गटारीतला यावर माझ्याशी भांडलेला माणूस! तो कशाला माघार घेतोय. जाता जाता म्हणाला, "ह्या वर्सी मैनेला मी एकटाच पळवतो. तू तुजी हाक घिऊन अमेरिकेला जा."

जातो की! व्हिसा मिळू दे फक्त.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कट्ट्यावर तो त्या टोकाला, मी या टोकाला. मधे कुत्रं झोपलेलं. शांतिसेना!

रविवार, १२ ऑक्टोबर

कट्ट्याची वाटणी झाली. टपरीकडची बाजू तात्यांची, पिंपळाकडची कतारची. शेजारच्या गल्लीतली माणसंसुद्धा येऊन बाजू निवडून बसायला लागलीत. एकानं रशियाचं नाव काढलं, त्याला दोन्हीकडून हाकललं.

संध्याकाळी राजवर्धनदादा येऊन गेले. आमच्या प्रभागातले इच्छुक. निवडणूक अजून जाहीर नाही, पण दादा केव्हाचे जाहीर झालेत. माझे हात हातात घेऊन म्हणाले, "काका, तुमचं बरोबर हाय." मग पिंपळाखाली जाऊन मल्लाप्पालाही तेच म्हणाले. मी कानांनी ऐकलं.

ते जातात न जातात तोच आकाराम आला. आकाराम म्हशी भादरतो. अंगावरचे केस कातरून त्यात फुलं काढतो, अक्षरं कोरतो. मैनेच्या अंगावर काय लिहायचं ते दर वर्षी मी सांगतो. गेल्या वर्षी ‘पाणी जपून वापरा’ लिहिलं होतं. त्या दिवशी ते लिहिलेली म्हैस धुवायला पाण्याचा टँकर लागला, पण परीक्षक खूश झाले.

"गणपतमामा, औंदा मल्लाप्पाकाकांनी परस्पर सांगितलंय बगा. ‘थँक्यू कतार’ लिवायचं."

"म्हस काय कतारच्या वकिलातीतली हाय व्हय रं?"

"मला काय म्हाईत? मला कात्री धरायला सांगतील तितं धरायची."

आकारामला म्हटलं, लिही बाबा. मला काय करायचंय? पण संध्याकाळभर डोक्यातून गेलं नाही. माझ्या मैनेच्या अंगावर माझ्याशिवाय मजकूर! माझी कसली म्हणा. म्हैस त्याची आहे. पण चार वर्षांची होती तेव्हापासून हाकेला वळवलीय कुणी?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बायकोला, आमच्या शालूला, या भांडणात काडीचा रस नाही. तिचा आणि मल्लाप्पाच्या बायकोचा, बसव्वाचा, चकलीचा सोऱ्या एकच. दोघी दुपारभर गोठ्याच्या पडवीत बसून चकल्या पाडत होत्या. मी खिडकीतून ओरडलो, सोऱ्या आपला आहे, घेऊन ये. तर तिथूनच म्हणते, "अर्धी चकली पडलीया अवो. उरलेली कंच्या देशाला दिऊ?" बसव्वा एवढी हसली की म्हशी दचकल्या.

जेवताना मात्र गंभीर झाली. म्हणाली, "तिकडं ल्हान ल्हान पोरं मरत हुती, ती मरायची थांबली. कुणी का थांबवंना. तुमास्नी त्येचं काय बी न्हाय. तुमास्नी नंबर कुणाचा आला त्येवडं पायजे."

आमटीत मीठ कमी होतं, तेही बोललो नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

परड्यातून मैना दिसली. तिनं मान वर केली. हाक अगदी घशाशी आली होती. गिळली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

शालूनं चकल्यांचा डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाली, "तुमी बसा तात्या-तात्या करत. दिवाळी झाली की बसव्वाच्या घरी गोठा मोडायचं ठरलंय."

मला वाटलं, चिडवतेय. पण नाही. महांतेशनं, मल्लाप्पाच्या पोरानं, जयसिंगपूरला घर बांधलंय. मल्लाप्पाचे गुडघे गेलेत. धारेला उकिडवं बसवत नाही, उठवत तर त्याहून नाही. बसव्वा एकटी किती म्हशी ओढणार? म्हणून म्हशी विकायच्या, पांडवपंचमीला सामान हलवायचं. सगळं ठरून महिना झाला.

महिना! एक महिना हा माणूस रोज सकाळी माझ्या शेजारी बसतो, माझ्याच तंबाखूतली चिमूट घेतो, कतार-कतार करतो, आणि हे एक वाक्य ह्याच्या तोंडातून निघत नाही. म्हणजे हा शेवटचा पाडवा. आणि शेवटच्या पाडव्याला हा मला गाडीवरून उतरवून एकटा निघालाय!

रागानं जेवलो नाही. खरं लिहायचं तर राग नव्हता तो. पण सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं त्याच्याशीच अबोला!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस

धारेच्या वेळी गोठ्यात गेलो. भांडायलाच गेलो, खोटं कशाला लिहू?

मल्लाप्पा मैनेखाली बसलेला. गुडघ्याला पट्टा, मांडीत चरवी. मी दारातूनच तोंड सोडलं. "जयसिंगपूरला निघालास आणि मला बायकूकडनं कळतंय व्हय रं?"

"तुला कशाला सांगू? तू तात्याला फोन करून थांबिवशील!"

"थांबिवणारच! कुणाला इचारून गोठा मोडतोस?"

"गोठा माजा हाय!"

"आणि हाक कुणाची हाय?"

दोघांचे आवाज चढले. तेवढ्यात बसव्वा आली. शेणाची पाटी दाणकन खाली टाकली. "भाईर जावा दोगंबी! म्हशीनं पान्हा चोरलाय, दिसत न्हाय व्हय?"

खरंच. मैना थेंब सोडेना. म्हैस बावरली की दूध वर चढवून घेते. मग कितीही ओढा, चरवी कोरडी ती कोरडी. मल्लाप्पाला धार सोडून उठता येईना. मला बाहेर जाववेना, गेलो तर हरल्यासारखं. म्हणून गप मैनेच्या तोंडाशी उभा राहिलो आणि तिची मान खाजवायला लागलो. तो खाली गप तिची कास चोळत बसला. बोलायचं नाही, हलायचं नाही. बसव्वा दारात कमरेवर हात देऊन पहाऱ्याला. बराच वेळ नुसता शेपटीचा आवाज आणि रवंथीचा. मग मैनेनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि खाली चरवीत चर्र-चर्र सुरू झालं.

धार संपली. मल्लाप्पानं उठायला हात वर केला. एरवी तो हात बसव्वा धरते. आज मी धरला. उभा राहून त्यानं ग्लासात फेसाळ दूध ओतलं आणि पुढं केलं.

"घे."

"आज वसुबारस. दूध चालत न्हाय."

"गाईचं चालत न्हाय. म्हशीचं चालतंय."

यावर पुन्हा भांडलो. काय बरं वाटलं म्हणून सांगू! ग्लास मीच संपवला. मग मैनेकडं बघत तो म्हणाला, "रोज सांगायला तोंड उगडायचो रं. तवर तू पेपर वाचाय लागायचास."

शनिवार, १८ ऑक्टोबर

कट्ट्यावर एका टोकाला दोघं. कुत्र्याला जागा बदलावी लागली.

आता नवा वाद. आमचा युद्धविराम कुणामुळं झाला? मी म्हणतो, माझ्यामुळं. गोठ्यात पहिलं पाऊल मी टाकलं. तो म्हणतो, ग्लास त्यानं पुढं केला. बसव्वा म्हणते, पाटी तिनं आपटली. शालूचं म्हणणं, बातमी तिनं फोडली नसती तर मी हललोच नसतो. चहा पिता पिता दुपार झाली, निकाल नाही. मैनेला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पण पाडव्याला गाडीवर दोघंही बसायचं ठरलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी उठून बघतो तर चौकात फ्लेक्स!

‘मंगळवार पेठेतील दोन ज्येष्ठ मित्रांमधील ऐतिहासिक युद्धविराम घडवून आणल्याबद्दल शांतिदूत मा. राजवर्धनदादा यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : राजवर्धनदादा मित्रमंडळ.’ दादा हात जोडून भिंतीएवढे. खाली कोपऱ्यात आम्ही दोघं तिकिटाएवढे. मल्लाप्पाचा फोटो लेकीच्या लग्नातला, त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा कापलेला हात. माझा रिटायर झालो त्या दिवशीचा. गळ्यात हार, आणि छापताना का कोण जाणे काळा-पांढरा केलेला. गल्लीतल्या बयाबाईनं तो बघितला आणि डोळ्याला पदर लावून तडक शालूला भेटायला आली. दार मीच उघडलं. म्हातारी किंचाळली.

आम्ही दोघं दादांच्या ऑफिसात गेलो. जाताना रस्त्यात एकदाही वाद झाला नाही, एवढे तापलो होतो.

"तुमी काय केलं वो दादा?" मल्लाप्पानं विचारलं.

"काका, मी कट्ट्यावर येऊन दोगांस्नीबी ‘तुमचं बरोबर हाय’ असं म्हटलं न्हाय का? तितनंच प्रक्रिया सुरू झाली."

प्रक्रिया! मल्लाप्पा मला म्हणाला, "चल गणप्या. ह्यो तात्याच्या वरताण हाय." मी म्हणालो, आणि कतारच्याही. एवढ्यावर दोघांचं एकमत झालं.

सोमवार, २० ऑक्टोबर

अभ्यंगस्नान उरकून गोठ्यात. आज मैना भादरायची. मजकुराचा तह असा झाला — एका बाजूला ‘तात्या’, दुसऱ्या बाजूला ‘थँक्यू कतार’. पण परीक्षक रस्त्याच्या एकाच बाजूला बसतात, मग दिसणार कोण? तासभर खल करून तोडगा निघाला. जाताना परीक्षकांना तात्या दिसणार, परत येताना कतार. जगातल्या कुठल्याही करारात एवढी बारीक कलमं नसतील!

पण आकारामला तहाचं काय? ‘तात्या’ झकास काढलं. मग त्या बाजूला जाऊन ‘थँक्यू’ असं हातभर मोठं काढलं की खांद्यापासून मांडीपर्यंत म्हैसच संपली. कतारला जागाच नाही.

"आता रं?" मल्लाप्पाचा चेहरा बघण्यासारखा होता.

आकारामनं मैनेला एक फेरी मारली. डोकं खाजवलं. मग मागं जाऊन बसला आणि शेपटीच्या एका अंगाला ‘क’, दुसऱ्या अंगाला ‘तार’ असं ‘कतार’ बसवलं. मधोमध शेपूट.

"काका, शेपूट हालली की दिसतंय की!"

मी गोठ्याबाहेर जाऊन हसलो. समोर हसणं बरं दिसलं नसतं.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

मैना काय दिसत होती! शिंगं लाल-पिवळी, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. बसव्वानं ओवाळलं आणि कानाशी काहीतरी कानडीत बोलली. मल्लाप्पा गाडीवर बसला. उजवा पाय टाकायला वेळ लागला, मी दुसरीकडं बघितलं. पुंगळी काढलेली गाडी सुरू झाली आणि सगळी गल्ली धुरात. मी मागं बसून छातीत हवा भरली. "ये मैनाऽऽऽ!"

सुटली की! चाळ वाजवत, मान वर, मागं धुरळा. दोन्ही बाजूंनी गर्दी. इकडच्यांनी वाचलं ‘तात्या’, तिकडच्यांनी वाचलं ‘थँक्यू’. इकडून एक पोरगं ओरडलं, "थँक्यू तात्या!" झालं, सगळा रस्ताच ओरडायला लागला, थँक्यू तात्या, थँक्यू तात्या! मल्लाप्पा गाडी चालवता चालवता मान मागं वळवून बोंबलतोय, "शेपूट बगा! आरं शेपूट बगा की!" आणि मी मागं हात वर करून सगळ्यांचा नमस्कार घेतोय. असा सत्कार माझा रिटायर होतानाही झाला नव्हता.

चौकात राजवर्धनदादांचं स्टेज. दादा हार घेऊन वाट बघत उभे, मागं तोच फ्लेक्स. आता, नव्यानं भादरलेल्या म्हशीला खाज सुटते, हे आम्हाला ठाऊक. दादांना नाही. मैना थांबली. फ्लेक्सच्या बांबूकडं बघितलं. गेली आणि ‘थँक्यू’ची बाजू बांबूला लावून घासायला लागली. एकदा, दोनदा — बांबू वाकला, दोऱ्या तुटल्या, आणि शांतिदूत सपशेल आडवे. खऱ्या दादांच्या हातातला झेंडूचा हार तिनं दादांच्या हातातच खाल्ला. माणसं रस्त्यावर बसून हसली. मल्लाप्पाला हसू एवढं आलं की गाडी बंद पडली.

नंबर आला नाही. परीक्षकांनी ‘शिस्तभंग’ लिहिलं. कुणाला वाईट वाटलं नाही.

परतताना गाडी सुरू होईना. दोघं ढकलत निघालो. मल्लाप्पा म्हणाला, "गणप्या, आता गाडीचा आवाज न्हाय. तूबी हाक मारू नगंस. बगू तरी कशावर येती." मी तोंड बंद ठेवलं. तेवढं सोपं नव्हतं, पण ठेवलं. वळून बघायचं नाही असंही ठरवलं. गल्लीच्या तोंडाशी मागून चाळ वाजले. आम्हाला ओलांडून, आमच्याकडं न बघता, मैना आपली आपण गोठ्याकडं चालली. धारेची वेळ झाली होती.

दोघांचंही श्रेय गेलं. मल्लाप्पा तिथंच एका पायरीवर बसला, गुडघा चोळत. मग म्हणाला, "उद्याच्याला धार नसंल तर सकाळी उठून करायचं काय रं?"

मी म्हणालो, "माज्याशी भांड." आणखी काय म्हणणार?

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. शालूनं मल्लाप्पाला ओवाळलं, दर वर्षीसारखं. ताटात त्यानं काय ठेवलं ते मला दाखवत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

गेले.

बाकीच्या म्हशी आधीच गेल्या होत्या. मैना आकारामनं ठेवून घेतली, तेवढं एक बरं झालं. सामानाचा टेम्पो निघेपर्यंत आम्ही हातकणंगल्यावरून जाणं जवळ की दुसरीकडून, यावर भांडलो. टेम्पोवाला कंटाळून हॉर्न वाजवत राहिला. महांतेश म्हणाला, "आप्पा, बसा आता." आप्पा बसला. मुकाट बसला. म्हणालो, "फोन कर."

"तू कर."

"तू गेलायस, तू करायचास."

"तू ऱ्हायलायस, तू करायचास."

टेम्पो वळला. शालू आणि बसव्वा रडल्या, त्यांना जमतं. मी परड्यात येऊन रिकाम्या गोठ्याकडं पाठ करून बसलो. सोऱ्या आमच्याकडं राहिलाय.

बुधवार, २९ ऑक्टोबर

तिकडं युद्धविराम असतानाच पुन्हा बॉम्ब पडले. शंभरावर माणसं गेली, लहान पोरं होती म्हणे. शालूनं टीव्ही बंद केला आणि देवापुढं जाऊन बसली. मला सकाळी कट्ट्यावर पेपर मोठ्यानं वाचवला नाही. मनातच वाचला.

एवढं झाल्यावर मल्लाप्पाचा फोन यायलाच पाहिजे होता. ‘बघ तुझ्या तात्याचं काम!’ एवढं म्हणायची संधी त्यानं सोडली? दिवसभर फोन खिशात नाही, हातात घेऊन बसलो होतो.

रविवार, २ नोव्हेंबर

फोन नाही. मी का करावा? तो गेलाय.

शालू बसव्वाशी बोलली. म्हणे, आप्पा खिडकीपाशी बसून असतो. जेवण कमी झालंय. महांतेशनं मोठा टीव्ही आणलाय, तर लावू देत नाही. कुणी काही बोललं की ‘व्हय, व्हय’ म्हणतो.

व्हय म्हणतो? मल्लाप्पा? बसव्वाला नीट ऐकू आलं नसेल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी फोन. मल्लाप्पा! आधी त्यानं केला! ‘हरलास!’ म्हणून ओरडणार होतो, तेवढ्यात तिकडून हळू आवाजात म्हणाला, "गणपा, तुजं बरोबर. श्रेय तात्याचंच." आणि ठेवून दिला.

भ्यालो. खुर्चीत बसवायचं बोलला होता, ते आठवलं. शालू पिशवी भरतेय, सोऱ्याही घेतलाय. मिळेल त्या पहिल्या एसटीनं जयसिंगपूर.

आज मी कतारच्या बाजूनं बोलणार आहे.